जुहूला स्वस्तात राहायचंय? भाड्याच्या आधी घड्याळ बघा

सकाळचे पावणेसात. आम्ही सहा माणसं, नऊ नग (त्यात एक सासूबाईंची चिवड्याची बरणी, ती हातातच धरावी लागते), आणि रिसेप्शनवरचा मुलगा डोळे चोळत सांगतोय, "मॅडम, चेक-इन दो बजे है." भाचा बाथरूमसाठी एका पायावर नाचतोय आणि नवरा माझ्याकडे बघतोय, कारण बुकिंग मी केलेलं. मी फोटो बघितले होते, रेट बघितला होता, बीचपर्यंत किती चालावं लागतं ते मॅपवर दोनदा मोजलं होतं, फक्त वेळ बघितली नव्हती. शेवटी बाराशे रुपये जास्तीचे दिले तेव्हा आठ वाजता एक खोली उघडली आणि सहाच्या सहा जणांनी त्या एका बाथरूमसाठी नंबर लावले.

त्यानंतर तीनदा जुहूला राहून आले आणि आता इंदूरच्या आमच्या सुदामा नगरात कोणीही मुंबईला निघालं की चौकशी माझ्याकडे येते, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. हे मोठ्या हॉटेलवाल्यांसाठी नाही हं. अडीच-चार हजारांत डबल बेड, तिसऱ्याला खाली गादी, अशा हिशेबाने जाणाऱ्यांसाठी आहे.

आधी जुहू की गिरगाव ते ठरवा. गिरगाव चौपाटी इंदूरहून जाणाऱ्याला खरं तर सोपी, अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई सेंट्रलला उतरायचं, स्लो लोकलने ग्रँट रोड, मग चर्नी रोड, दोनच स्टेशनं, स्टेशनाबाहेर आलं की चौपाटी. पण तिकडची स्वस्त हॉटेलं बरीचशी जुन्या बिल्डिंगीत वरच्या मजल्यावर असतात, लिफ्ट आहे का हे विचारल्याशिवाय गुडघेवाल्या माणसाला नेऊ नका. आणि त्या भागात रिक्षा चालतच नाही, काळी-पिवळी टॅक्सी नाहीतर बस. जुहूला रिक्षा आहे, वाळू लांबलचक आहे, पोरांना पळायला जागा आहे, त्यामुळे लहान मुलं असतील तर मी जुहूच म्हणते. पोहायचं मात्र दोन्हीकडे नाव काढू नका, पाणी त्या लायकीचं नाही. घोट्यापर्यंत पाय भिजवा आणि बाहेर या.

आता गाडी. अवंतिका (१२९६२) इंदूरहून संध्याकाळी निघते आणि सकाळी मुंबईत. रिझर्व्हेशन ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० दिवस होतं ते नोव्हेंबर २०२४ पासून बदललं, तरी आमच्याकडे काका लोक अजून चार महिने आधीपासून खिडकीवर चकरा मारतात. जुहूला जाणाऱ्यांनी मुंबई सेंट्रलपर्यंत जायची गरज नाही, बोरिवलीला उतरायचं आणि स्लो लोकलने विलेपार्ले, कारण फास्ट अंधेरीला थांबते, पार्ल्याला सहसा नाही. पण यात एक मेख आहे. सकाळी मुंबईची सगळी माणसं बोरिवलीकडून चर्चगेटकडे निघतात, म्हणजे तुम्ही निघणार त्याच बाजूला. सात-साडेसातच्या आत बोरिवलीला उतरलात तर बॅगा घेऊन डब्यात शिरता येतं. गाडी लेट झाली आणि आठ वाजले तर बोरिवलीला उतरूच नका, बसून राहा, मुंबई सेंट्रलला उतरा आणि तिथून उलट्या दिशेची बोरिवली लोकल पकडा, ती सकाळी बऱ्यापैकी मोकळी असते. लांबचा वळसा वाटतो पण माणूस शाबूत पोचतो. आमच्या नणंदेने हे ऐकलं नाही, तिची ट्रॉली बॅग जोगेश्वरीला उतरली आणि ती अंधेरीला.

स्टेशनाबाहेर रिक्षा मीटरने येते. आपल्या इंदूरसारखं "भिया कितना लोगे" तिथे करायचं नाही, मीटर टाकायला सांगायचं आणि बसायचं. सुरुवातीचं भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे, पहिल्या दीड किलोमीटरला. पार्ले वेस्टहून जुहू काही फार लांब नाही, त्यामुळे स्टेशनाबाहेर कोणी उक्ते दोनशे सांगितले तर पुढच्या रिक्षाकडे चालायला लागा.

बुकिंगच्या वेळी काय करायचं ते सांगते. ॲपवर फोटो बघा, रेट बघा, पण पैसे भरायच्या आधी हॉटेलात फोन लावा, ॲपच्या कॉल सेंटरला नाही, हॉटेलात. पहिला प्रश्न वेळेचा. "तुमचं बारा ते बारा आहे, दोन ते अकरा आहे, की चोवीस तास?" चोवीस तास म्हणजे तुम्ही सकाळी सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोली तुमची. इंदूरच्या गाडीने येणाऱ्याला हे सगळ्यात सोयीचं, खोली तीनशे रुपयांनी महाग असली तरी घ्या, कारण दोन ते अकराच्या हॉटेलात तुम्ही एका रात्रीचे पैसे देऊन एकवीस तास मिळवता आणि सकाळचे सात तास सामानाशेजारी सोफ्यावर काढता. अर्ली चेक-इन फुकट देऊ म्हणाले तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, "रूम खाली रहा तो" हे चार शब्द त्यात नसावेत. काहीच जमलं नाही तर निदान सामान ठेवून अंघोळ करायला एखादी बाथरूम द्याल का ते विचारा, बरीच हॉटेलं देतात, फोनवर गोड बोलावं लागतं एवढंच.

एकटा मुलगा इंटरव्ह्यूला वगैरे जात असेल तर मुंबई सेंट्रल स्टेशनातच रेल्वेचं पॉड हॉटेल आहे, २०२१ पासून, झोपायचा कप्पा तेवढा मिळतो, पहाटे पोचणाऱ्याला चालतं. आणि स्टेशनच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवणार असाल तर प्रत्येक बॅगेला कुलूप पाहिजे, चेनला बांधलेली सुतळी चालत नाही, आमची एक पिशवी याच कारणाने परत आली होती.

दुसरा प्रश्न अंतराचा, आणि इथे सगळे फसतात. हॉटेलच्या नावात जुहू आहे म्हणजे ते जुहूला आहे असं काही नाही, अंधेरी-सांताक्रूझच्या गल्लीतलं हॉटेलही नावात जुहू घालतं. मॅपवर निळ्या पाण्यापर्यंत मोजू नका. किनाऱ्याच्या बऱ्याच भागात मोठी हॉटेलं आणि बंगले आडवे आहेत, मधून जाता येत नाही, ठरावीक गल्ल्यांतूनच वाळूवर उतरता येतं. त्या उतरायच्या जागेपर्यंत चालत किती मिनिटं ते मोजा. पंधरा मिनिटांच्या वर असेल तर पोरं येताना खांद्यावर येतात, मग समजून घ्या.

"सी व्ह्यू" या शब्दाला स्वस्त हॉटेलात पैसे देऊ नका. आम्हाला एकदा दिलेला सी व्ह्यू म्हणजे खिडकीतून डावीकडे मान काढली, समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी आणि पलीकडचा होर्डिंगचा खांब यांच्या मधून एक करड्या रंगाचा त्रिकोण दिसायचा, सासरे रोज सकाळी चहा घेऊन तो त्रिकोण बघायचे. चारशे रुपये रोजचे.

वार पण बघा. शुक्रवार ते रविवार भाव वर जातात, सोमवार ते गुरुवार तीच खोली खाली येते. दिवाळीच्या सुट्टीत अर्धं इंदूर आणि अख्खं गुजरात तिथेच असतं. गणपतीत विसर्जनाच्या दिवशी, म्हणजे दीड दिवस, पाच, सात आणि अनंत चतुर्दशी, जुहूकडचे रस्ते बंद करतात, रिक्षा लांब सोडते आणि सामान डोक्यावर. विसर्जन बघायलाच जाणार असाल तर आदल्या दिवशी पोचा. छठलाही तीच गर्दी.

बिलावर जीएसटी बघा. रोजचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहे, आधी १२ होता. "टॅक्स एक्स्ट्रा" म्हणाले तर किती टक्के ते तिथल्या तिथे विचारायचं. आयडी प्रत्येक मोठ्या माणसाचं न्या, पॅनकार्ड चालत नाही कारण त्यावर पत्ता नसतो. आधारची झेरॉक्स मागतात, तर मास्क्ड आधार डाउनलोड करून प्रिंट न्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, उगीच सगळा नंबर कोणाच्या रजिस्टरमध्ये कशाला.

आता खोली. हे नीट वाचा, कारण पैसे द्यायच्या आधीची पाच मिनिटं म्हणजेच सगळी ट्रिप आहे. रिसेप्शनवर फॉर्म भरायच्या आधी म्हणायचं, "पहले रूम दिखाओ." लाजायचं नाही. वर गेलं की पलंगाकडे नाही, बाथरूमकडे जायचं. समुद्राजवळच्या हॉटेलात तुम्ही खोलीचे नाही, बाथरूमचे पैसे देता, कारण दिवसातून दोनदा वाळू आणि खारट अंग धुवायचंय. नळ सोडा आणि बादली भरायला किती वेळ लागतो बघा, मी मोबाइलवर टायमर लावते, नवरा लाजतो, लाजू दे. पाच मिनिटांच्या वर लागली तर सहा माणसांची अंघोळ दुपारपर्यंत चालेल. मग भरलेली अर्धी बादली खाली ओता आणि जाळीकडे बघत उभं राहा. पाणी गरगरत गेलं तर ठीक. तिथेच तळं झालं तर जाळीखाली आधीच्या दहा गिऱ्हाइकांची वाळू साठलेली आहे आणि उद्या संध्याकाळी ते तळं दाराबाहेर येऊन तुमच्या गादीखाली जाणार आहे. आमच्या एका खोलीत असंच झालं, वेटरने येऊन झाडूच्या काडीने जाळी उचलली तर आतून वाळू, केसांचा गुंता आणि एका लहान मुलाचा प्लास्टिकचा खेकडा निघाला.

गरम पाण्याची वेळ विचारा. "२४ तास गरम पाणी" ॲपवर लिहिलेलं असतं, भिंतीवर मात्र सहा ते दहा असं चिकटवलेलं असतं, आणि तुम्हाला पाणी लागणार संध्याकाळी आठला, बीचवरून आल्यावर. गीझर खोलीतला आहे की वरून लाइन येते ते बघा. खोलीतला असेल तर निश्चिंत.

मग पलंग. चादर नाही, गादीचा कोपरा उचला, शिलाईच्या रेघेवर काळे ठिपके असतील तर ढेकूण, खोली बदला, मजला बदला, त्यांनी स्प्रे मारतो म्हटलं तरी थांबू नका. एसी लावून ठेवा आणि बाकीचं बघून या, दहा मिनिटांत खाली पाणी टपकलं तर टपकतच राहणार. भिंतीला हात लावून बघा, समुद्राजवळ थोडी ओल असतेच, पण उशीला वास येत असेल तर नको. दाराची आतली कडी लागते का, खिडकी बंद होते का. रस्त्याकडची खोली म्हणजे रात्री एकपर्यंत हॉर्न, मागची खोली म्हणजे किचनच्या पंख्याचा फोडणीचा वास, यातलं काय झेपतं ते आपलं आपण ठरवायचं, मी फोडणी घेते.

विमानांचं आधीच सांगून ठेवते म्हणजे वाद नको. एअरपोर्ट जवळ आहे, विमानं उडाली की बरेचदा जुहूवरूनच समुद्राकडे जातात, त्यावर मॅनेजर काही करू शकत नाही. शिवाय जुहूचं स्वतःचं जुनं विमानतळ आहे, १९२८ चं, आता तिथून हेलिकॉप्टरं उडतात. १९३२ मध्ये जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले होते, हे सासऱ्यांनी आम्हाला प्रत्येक हेलिकॉप्टरला एकदा असं सांगितलं.

समुद्रावर जायची वेळ. इथे सासूबाई कामाला आल्या. त्यांच्या माहेरी कोकणात जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, साधारण सहाच्या सुमारास पूर्ण भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आत-बाहेर भरती आणि संध्याकाळी सहाला ओहोटी. कालनिर्णय काढा, तिथी बघा, झालं. संध्याकाळी पोरांना वाळूत खेळवायचं असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास जा, किनारा हा एवढा रुंद मिळतो. अष्टमी-नवमीला गेलात तर सहाला पाणी वर आलेलं, माणसं सगळी उरलेल्या पट्ट्यात, आणि भेळवाल्याच्या चटईवर पाय पडल्याशिवाय चालता येत नाही. तिथी बदलते तशी भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते, त्यामुळे काल सहाला ओहोटी होती म्हणून आजही तेव्हाच, असं नाही. हा अंदाज झाला, मिनिटाचा हिशेब हवा तर त्या दिवसाचं भरतीचं टेबल मोबाइलवर बघा, महापालिका पावसाळ्यातल्या मोठ्या भरत्यांच्या तारखा आधीच जाहीर करते.

पावसाळ्यात जायचं असेल तर दोन गोष्टी. उधाण असताना पाण्याजवळ नाही म्हणजे नाही, जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळाच्या वेळी जुहूवर मुलं ओढली गेली, लाइफगार्डने शिट्टी मारली की वाद न घालता मागे व्हायचं. आणि पावसाळ्यात निळे, फुग्यासारखे चकचकीत जीव वाळूवर पडलेले दिसतात, ब्लू बॉटल म्हणतात, पोरांना ते खेळणं वाटतं. मेलेला असला तरी त्याचे दोरे डंख मारतात. लागलंच तर चोळायचं नाही, वाळू घासायची नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेले दोरे चिमट्याने काढायचे, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचं, आणि सूज वाढली किंवा श्वासाला त्रास झाला तर सरळ डॉक्टर. (गरम पाण्याची वेळ विचारा म्हणते ती उगीच नाही.)

परत येताना पाय. चांगल्या हॉटेलात खाली गेटपाशी नळ असतो. नसेल तर पायांवर टाल्कम पावडर टाका आणि हाताने झटका, ओली वाळूही सुटून पडते. हा उपाय वर्षभर मला विचारणारे लोक आहेत. कपडे मात्र तिथल्या दमट हवेत पंख्याखालीही वाळत नाहीत, नायलॉनची दोरी आणि दहा चिमटे न्या, एसी चालू असेल तर त्याच्यासमोर बांधा.

खाण्याचं फार लिहीत नाही. बीचवरची पावभाजी, काला खट्टा गोळा, भाजलेलं कणीस, ठीक आहे, भाव आधी विचारा, प्लेट समोर आली की भाव वाढलेला असतो. हॉटेलचा नाश्ता "कॉम्प्लिमेंटरी" असेल तर त्यात पोहे असतात आणि त्यावर शेव नसते, जिरावन (आपला पोह्यांवरचा इंदुरी मसाला) तर नसतंच, म्हणून सासूबाई जिरावनची पुडी पर्समध्ये ठेवतात आणि वेटरसमोरच पोह्यांवर शिंपडतात, तिसऱ्या दिवशी तो वेटर स्वतःच्या प्लेटमध्येही मागून घेऊन गेला. घरगुती जेवण हवं असेल तर पार्ले ईस्टला जा, पूल ओलांडला की मराठीच मराठी. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहही तिथेच, इंदूरला सानंद संस्थेच्या नाटकांची वाट बघत बसणाऱ्यांनी एक नाटक बघून घ्या.

शेवटचा दिवस परत घड्याळाचा. चेकआऊट अकराला, गाडी संध्याकाळी. सामान रिसेप्शनला ठेवतात, पण पावती किंवा टोकन मागा, आणि चार्जर आपल्या पिशवीत ठेवा, मग तो शोधायला कोणी बॅग उघडू देत नाही. आणि संध्याकाळी गाडीला बोरिवलीला जाऊ नका. सकाळचा हिशेब आता उलटा होतो, ऑफिसं सुटून सगळी मुंबई बोरिवलीकडे निघालेली असते, त्या डब्यात नऊ नग घेऊन शिरणं म्हणजे शक्यच नाही. पार्ल्याहून चर्चगेटच्या दिशेची लोकल घ्या, बसायलाही मिळते, आणि मुंबई सेंट्रलला गाडी लागलेलीच असते. ओले टॉवेल वेगळ्या पॉलिथिनमध्ये, चिवड्याच्या बरणीपासून लांब. आमची बरणी परत आली तेव्हा चिवडा संपलेला होता आणि तिच्यात अर्ध्यापर्यंत शिंपले होते, त्यातला एक वाटेत चालायला लागला, रतलामला.